मदत हवी आहे: गव्हाच्या वाफ्याचं खत, माती परीक्षण अहवाल आणि न तापणारा कंपोस्टचा ढीग (बी.एस्सी. कृषी, पहिलं वर्ष)

नवाकोरा

नमस्कार मंडळी. पुण्यात कृषीच्या पहिल्या वर्षाला आहे. शाश्वत शेतीच्या प्रात्यक्षिकासाठी ५ मी. × ४ मी. चा वाफा मिळालाय. पीक बागायती गहू, वेळेवर पेरणी, शिफारस हेक्टरी १२०:६०:४० किलो (नत्र म्हणजे नायट्रोजन : स्फुरद म्हणजे फॉस्फरस : पालाश म्हणजे पोटॅशियम). नोंदवही लिहायला बसलो की आकडे जुळत नाहीत.

मातीचा अहवाल असा: सामू (पीएच) ८.२, विद्युतवाहकता ०.३२, सेंद्रिय कर्ब (कार्बन) ०.४२ टक्के, मुक्त चुना ११.५ टक्के, उपलब्ध नत्र १६५, स्फुरद ११, पालाश ४८० किलो/हेक्टर.

१) सेंद्रिय कर्ब एका तक्त्यात 'कमी' येतो, दुसऱ्यात 'मध्यम'. कोणता लिहू?
२) डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) २६१ ग्रॅम, युरिया ५२२ ग्रॅम, पोटॅश १३३ ग्रॅम असं काढलंय. सीनियरच्या वहीत युरिया ४२० आहे.
३) दुसऱ्या वाफ्यात २५ टक्के नत्र गांडूळखतातून द्यायचं आहे. किती किलो?
४) उसाचं पाचट आणि शेण समान वजनाने घेऊन ढीग लावला, दोन फूट लांब-रुंद-उंच. आठवडा झाला, हात घातला तर गारच.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. पेरणी चार दिवसांवर आहे.

वाफसा

पेरणी जवळ आहे म्हणून आधी खताचं बघू.

२० चौ. मी. म्हणजे हेक्टरचा पाचशेवा भाग. नत्र २४० ग्रॅम, स्फुरद १२०, पालाश ८०. इथवर तुझं बरोबर आहे. पोटॅशही बरोबर, कारण म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश ६० टक्के. डीएपीत स्फुरद ४६ टक्के, म्हणून १२० ÷ ०.४६ = २६१ ग्रॅम. पण डीएपीत १८ टक्के नत्रही असतं. २६१ ग्रॅममधून ४७ ग्रॅम नत्र आधीच पडलं. उरलं १९३, त्याला ४६ टक्क्यांनी भाग दिला की ४२० ग्रॅम युरिया. तुझे ५२२ हे डीएपीतलं नत्र न धरता आलेत. सीनियरची वही बरोबर आहे.

आता हप्ते. अर्धं नत्र पेरणीला, म्हणजे १२०. त्यातलं ४७ डीएपीतून, उरलेल्या ७३ साठी युरिया १५९ ग्रॅम. बाकी २६१ ग्रॅम युरिया २१ दिवसांच्या आसपास, मुकुटमुळं फुटतात तेव्हा. बरेच जण ४२० चे सरळ दोन भाग करून २१०-२१० देतात आणि तोंडी परीक्षेत तिथेच सापडतात. दोन हप्त्यांत युरिया नव्हे, नत्र समान हवं.

डीएपी मिळालं नाही तर सिंगल सुपर फॉस्फेट (स्फुरद १६ टक्के) ७५० ग्रॅम घे. मग मात्र युरिया पूर्ण ५२२ ग्रॅमच लागेल, कारण सुपरमध्ये नत्र नाही. वर सुमारे ११ टक्के गंधक मिळतं, तो फायदाच. सुपर आणि युरिया आदल्या दिवशी एकत्र करून ठेवू नकोस, ओलं होऊन ढेकळं होतात. टाकायच्या वेळीच मिसळ.

खत बियाला चिकटू देऊ नको, बियाखाली चार-पाच सें.मी. पडलं पाहिजे. हाताने काकरी काढत असाल तर आधी खत, वर मातीचा थर, मग बी. बी हेक्टरी १०० किलोने २०० ग्रॅम. ओळींत अंतर २२.५ सें.मी. ठेवलंस तर ४ मीटर रुंदीत १७ ओळी बसतात, म्हणजे ओळीला पावणेबारा ग्रॅम. सतरा पुड्या आधी बांधून ठेव, नाहीतर पहिल्या पाच ओळी दाट आणि शेवटच्या तीन कोरड्या जातात.

गांडूळखताचं: २५ टक्के म्हणजे ६० ग्रॅम नत्र. खतात नत्र १.५ टक्के धरलं तर ४ किलो. पण ही टक्केवारी वाळलेल्या वजनावरची असते. पोत्यातल्या खतात ३० टक्के ओल असेल तर ४ ÷ ०.७ = ५.७ किलो टाकावं लागेल. मग पेरणीला युरिया फक्त २८ ग्रॅम (६० गांडूळखतातून, ४७ डीएपीतून, उरले १३) आणि दुसरा हप्ता तोच २६१.

काळी_कसदार

वाफसांनी खताचं स्वच्छ सांगितलंय. मी अहवालावर लिहिते.

दोन्ही तक्ते बरोबर आहेत, मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. देशभर चालणाऱ्या तीन-वर्गी पद्धतीत सेंद्रिय कर्ब ०.५० च्या खाली 'कमी', ०.५० ते ०.७५ 'मध्यम', त्यावर 'जास्त'. महाराष्ट्रात सहा-वर्गी पद्धतही वापरतात, तिथे ०.४१ ते ०.६० 'मध्यम'. त्यामुळे ०.४२ इकडे कमी, तिकडे मध्यम. स्फुरदाचं उलट होतं. ११ हा आकडा तीन-वर्गीत मध्यम (१० ते २५) आणि सहा-वर्गीत कमी (७ ते १४). वहीत वर्गाशेजारी पद्धतीचं नाव लिही, म्हणजे कोणी हरकत घेणार नाही.

स्फुरदापुढे नुसतं 'स्फुरद' लिहिलंय की ऑक्साइड रूपात, ते प्रयोगशाळेला विचार. खताच्या शिफारशी नेहमी ऑक्साइड रूपात असतात. मूलद्रव्य ११ असेल तर त्याचे ऑक्साइड २५ होतात (गुणक २.२९). पालाशचा गुणक १.२. इथे गफलत झाली की पुढचं सगळं गणित दुपटीने चुकतं.

पालाश ४८० बघून दचकू नको. आपल्या बेसॉल्टवर तयार झालेल्या काळ्या जमिनीत पालाश भरपूर असणं नेहमीचं आहे. नत्र १६५ मात्र खरंच कमी आहे. माती परीक्षणानुसार मात्रा काढायला सांगितली असेल तर ठोकताळा असा: कमी असेल तिथे शिफारशीत पाव भाग वाढव, जास्त असेल तिथे पाव भाग कमी कर. मग नत्र २४० चं ३०० ग्रॅम होईल आणि पालाश ८० चं ६०. पण सरांनी शिफारस मात्राच द्यायला सांगितली असेल तर वाफसांचे आकडे तसेच ठेव. दोन्हीची सरमिसळ नको.

सामू ८.२ आणि चुना ११.५ टक्के, यावर खरं लक्ष दे. अशा जमिनीत पसरून टाकलेलं स्फुरद कॅल्शियमशी बांधलं जातं आणि मुळांना मिळत नाही. म्हणूनच ते ओळीत, बियाखाली द्यायचं. युरिया वर पडून राहिला तर अमोनिया होऊन उडतो. दुसरा हप्ता खुरपणी झाल्यावर ओळींमध्ये टाकून लगेच हलकं पाणी द्या.

नवाकोरा

ताई, दादा, खूप आभार. अहवालावरून एक शंका. हेक्टरी १० टन, म्हणजे वाफ्यात २० किलो शेणखत टाकतोय. हंगामानंतर सेंद्रिय कर्ब किती वाढलेला दिसेल? प्रकल्पात 'वाढ अपेक्षित' असं लिहायचं आहे.

काळी_कसदार

दिसणार नाही, आणि का दिसणार नाही ते लिहिलंस तर प्रकल्प जास्त चांगला होईल.

१५ सें.मी. खोलीपर्यंत हेक्टरी माती साधारण २२.४ लाख किलो धरतात. तुझ्या २० चौ. मी. त ती ४,४८० किलो. २० किलो शेणखतात अर्धं पाणी, उरले १० किलो. त्यात कर्ब ३५ टक्के धरला तर साडेतीन किलो. ३.५ ÷ ४,४८० = ०.०७८ टक्के. काहीच कुजलं नाही असं मानून निघणारी ही कमाल वाढ. प्रत्यक्षात त्यातला बराच कर्ब आपल्या उष्ण हवेत हंगामाभरात कार्बन डायऑक्साइड होऊन जातो.

वर मोजण्यातली चूक धर. वॉकली-ब्लॅक पद्धतीत डायक्रोमेटने सगळा कर्ब जळत नाही, सुमारे ७७ टक्केच जळतो असं मानून १.३ ने गुणतात. शिवाय नमुना घेणारा प्रत्येक वेळी तोच नसतो. ०.४२ चे ०.४४ झाले तर ती वाढ की नमुन्यातला फरक, हे एका वाफ्यावरून कळत नाही. दरवर्षी तेच खत, तेच पिकाचे अवशेष आणि तीच नमुना पद्धत ठेवली, तर काही वर्षांनी फरक बोलायला लागतो.

नमुना निदान एकसारखा घ्या. एवढ्याशा वाफ्यातही पाच-सहा ठिकाणी 'व्ही' आकाराचा खड्डा, १५ ते २० सें.मी. खोल, आणि कडेची एक इंच जाडीची चीप वरपासून खालपर्यंत. बांधाजवळ आणि शेणखताचा ढीग उतरवला होता तिथे नाही. एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. सूक्ष्म अन्नद्रव्यं बघायची असतील तर लोखंडी घमेलं लांब ठेवा.

खोडवा

आता ढिगाकडे. तुझ्या ढिगात तीन गोष्टी एकदम नडल्या आहेत.

पहिली, आकार. दोन फुटांचा ढीग जेवढी उष्णता तयार करतो तेवढी कडेने घालवतो. निदान एक मीटर लांब, रुंद आणि उंच कर.

दुसरी, कर्ब-नत्र गुणोत्तर. 'समान वजन' ऐकायला बरं वाटतं, पण ताज्या शेणात ८० टक्के पाणी आहे. १० किलो पाचट: कर्ब ४.५ किलो, नत्र ०.४ टक्क्याने ४० ग्रॅम. १० किलो शेण म्हणजे २ किलो कोरडं: कर्ब ८०० ग्रॅम, नत्र १.६ टक्क्याने ३२ ग्रॅम. बेरीज ५,३०० भागिले ७२, म्हणजे ७४. हवंय २५ ते ३०. बांधावरच्या गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) १० किलो ओला पाला (कोरडा भाग २५ टक्के, नत्र ३ टक्के) मिसळलास तर ४३ वर येतं. पाचटाच्या प्रचलित शिफारशीत टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर आणि १ किलो कंपोस्ट जिवाणू संवर्धक आहे. तुझ्या १० किलोला ८० ग्रॅम युरिया. पाला न घालता गणिताने ३० गाठायला २२८ ग्रॅम लागतील, पण तेवढा घालू नको. पाचटातला लिग्निनमध्ये (कडक, हळू कुजणाऱ्या भागात) अडकलेला कर्ब जिवाणूंना लगेच मिळतच नाही, मग जास्तीचा नत्र अमोनिया होऊन वासाला येतो.

तिसरी, ओल. पाचटावर मेणचट थर असतो, वरून पाणी मारलं की निथळून जातं. कोयत्याने दोन-तीन इंचांचे तुकडे कर, रात्रभर शेणकाल्यात भिजव आणि मग रच. मूठभर घट्ट पिळल्यावर बोटांच्या फटीत दोन-चार थेंब यावेत. धार लागली तर जास्त झालं, हात कोरडा राहिला तर कमी. नीट जमलं तर तीन-चार दिवसांत ५५ ते ६५ अंशांवर जातो. उतरायला लागला की उलथापालथ कर, बाहेरचं आत घे.

पाटाचं_पाणी

शाश्वत शेतीच्या प्रात्यक्षिकात कंपोस्टला युरिया? मग शाश्वत कशाला म्हणायचं?

खोडवा

शाश्वत आणि सेंद्रिय एक नाही. सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या, म्हणजे एनपीओपीच्या (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या) नियमांत युरिया चालत नाही, तिथे गिरिपुष्प, पेंड, जास्तीचं शेण हेच मार्ग. एकात्मिक अन्नद्रव्य व्यवस्थापनात, म्हणजे सेंद्रिय आणि रासायनिक खतं मिळून वापरतात तिथे, तो चालतो. नवाकोराच्या वाफ्यात तसाही युरिया पडणारच आहे, तेव्हा ढिगातल्या ८० ग्रॅमवर अडून बसण्यात अर्थ नाही. पाचट पेटवून देण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

नवाकोरा

ढीग नव्याने रचला, आता हात ठेववत नाही इतका तापलाय. गहू उगवलाय, पण वाफ्याच्या एका कोपऱ्यात पिवळा पडतोय. त्या कोपऱ्यात मागच्या पिकाचा काडीकचरा गाडलेला होता. लोह कमी आहे असं एक जण म्हणतो.

वाफसा

पिवळं कोणतं पान पडलंय ते बघ. सगळं त्यावर आहे.

खालची, जुनी पानं शेंड्याकडून पिवळी होत असतील तर नत्र. कच्चा काडीकचरा कुजवताना जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढून घेतात, रोपं उपाशी राहतात. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे पट्टे पट्टे दिसत असतील तर लोह. चुनखडीच्या जमिनीत तेही नेहमीचंच. तुझ्या वर्णनावरून, पिवळेपणा फक्त गाडलेल्या कोपऱ्यातच असेल तर माझा कल नत्राकडे आहे.

नत्र असेल तर दुसऱ्या हप्त्यातलाच थोडा युरिया त्या कोपऱ्यात आधी दे आणि एकूण २६१ मधून तो वजा करून लिही. नाहीतर वाफ्याची तुलनाच बिघडेल. लोह असेल तर फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम आणि सायट्रिक ॲसिड १ ग्रॅम, संध्याकाळी फवार, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. जमिनीतून देऊ नको, ८.२ सामूत ते लगेच निकामी होतं.

त्याआधी खुरप्याने तिथली माती उकरून बघ. पाणी साचून काळपट, वास मारणारी निघाली तर दोन्ही खतं राहू दे आणि आधी चर काढ.