मदत हवी आहे: फुटलेल्या राज्यांना अमेरिकेने नेमक्या कोणत्या अटींवर परत घेतलं?

अमेरिकन यादवीनंतर फुटीर अकरा राज्यं परत कशी आली, याचा तक्ता करतोय. एकीकडे 'दहा टक्के मतदारांची शपथ' अशी अट दिसते, दुसरीकडे 'चौदाव्या घटनादुरुस्तीला मान्यता' (नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण देणारी दुरुस्ती). खरी कुठली? आणि जॉर्जियापुढे १८६८ आणि १८७० अशी दोन सालं का?

प्रतिसाद १
दोन्ही खऱ्या, काळ वेगळा. दहा टक्के ही राष्ट्राध्यक्ष लिंकनची डिसेंबर १८६३ची योजना. १८६० साली मतदान केलेल्यांच्या एक दशांश लोकांनी निष्ठेची शपथ घेतली की राज्य सरकार उभं करता येई. १८६५मध्ये लिंकननंतरचा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन याने फुटण्याचा ठराव रद्द करणं, गुलामगिरी संपवणं आणि बंडासाठी काढलेलं कर्ज फेडायला नकार देणं एवढंच मागितलं. कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचं नावही नव्हतं. त्या डिसेंबरात काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) दक्षिणेच्या प्रतिनिधींना सभागृहात बसूच दिलं नाही. त्यामुळे या दोन योजना 'अंतिम अटी' या रकान्यात घालू नका.

टेनेसी चौदावी दुरुस्ती मान्य करून जुलै १८६६मध्येच आत आलं. उरलेल्या दहांना २ मार्च १८६७चा कायदा लागला: पाच लष्करी विभाग, २१ वर्षांवरच्या पुरुषांची वर्ण न बघता मतदारनोंदणी, घटनासमिती, याच पुरुषांना मताधिकार देणारी राज्यघटना, तिच्यावर जनमत, चौदाव्या दुरुस्तीला मान्यता आणि शेवटी काँग्रेसची मंजुरी.

यात अलाबामा अडलं. जनमतात नोंदलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी मतदान करायला हवं होतं. विरोधक घरी बसले आणि फेब्रुवारी १८६८मध्ये राज्यघटना बहुमत मिळूनही पडली. मार्चमध्ये काँग्रेसने नियम बदलला: पडलेल्या मतांतलं बहुमत पुरे.

प्रतिसाद २
जॉर्जियाचं उत्तर: राज्यांना परत घेणाऱ्या जून १८६८च्या कायद्यात त्याचं नाव होतं, पण सप्टेंबरमध्ये विधिमंडळाने कृष्णवर्णीय सभासदांना काढून टाकलं. डिसेंबर १८६९मध्ये राज्य पुन्हा लष्कराखाली गेलं. काढलेल्यांना परत घेऊन आणि पंधरावी दुरुस्ती (वर्णावरून मताधिकार नाकारायला बंदी) मान्य करूनच जुलै १८७०मध्ये सुटका झाली. दोन्ही सालं लिहा, अंतिम १८७०. व्हर्जिनिया, मिसिसिपी, टेक्सासही १८७०चीच, त्यांनाही पंधरावीची अट होती.

आणखी एक रकाना हवाच. या दहा राज्यांना परत घेताना कायम अट घातली होती: दिलेला मताधिकार राज्यघटना बदलून काढायचा नाही. मोडली तर काय, हे मात्र लिहिलं नव्हतं. मिसिसिपीने १८९०मध्ये दोन डॉलर मतदार-कर आणि घटनेचं कलम वाचून किंवा ऐकून अर्थ सांगायची परीक्षा आणली. वर्णाचा उल्लेख नाही, पण परीक्षक गोरे. काँग्रेसने काहीच केलं नाही.

धागाकर्ता
आभार. 'मोडल्यास शिक्षा' असाही रकाना घालतो. दहाही ओळी कोऱ्या राहतील, तरी तो हवा.