सल्ला हवा: कोकणातल्या घरी ४० मीटर बँडचा अँटेना, टॉवर लावू की पाइप?

परसातला माड (गुहागर)

नमस्कार मंडळी,

हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना हातात आला. इतके दिवस पुण्यात मित्राच्या सेटवर बसायचो, आता गावच्या घरी स्वतःचं स्टेशन लावतोय. घर जांभ्याचं, कौलारू. समुद्र एक किलोमीटरवर. परसात चार माड, पूर्वेच्या गडग्याला लागून महावितरणची लाइन. सेट ५० वॅटचा. ४० मीटरच्या बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी) पुणे, कोल्हापूर, नागपूर नीट ऐकू यावं, एवढीच इच्छा आहे.

फॅब्रिकेशनवाला ४० फुटी त्रिकोणी टॉवर सुचवतोय, वेल्डिंग करून काँक्रीटमध्ये कायमचा. वडील म्हणतात, एवढं लोखंड दाराशी नको. तुम्ही काय कराल? आगोटीच्या आत काम उरकायचंय.

खारा वारा (अलिबाग)

वडिलांचं ऐका. टॉवर नको.

तुम्हाला ज्यांच्याशी बोलायचंय ते सगळे ७००-८०० किलोमीटरच्या आतले. ४० मीटरचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन बाजूंची तार) ३० फुटांवर टांगला की त्याचा जोर वर आकाशाकडे जातो आणि परतून आसपासच्या मुलखात पडतो. तुम्हाला तेच हवंय. त्यासाठी टॉवर लागत नाही.

आता वाऱ्याचं. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा माझा पाइप असाच कायमचा रोवलेला होता. आदल्या दिवशी उतरवायला गेलो तर क्लॅम्पचे नट गंजून बोल्टशी एकजीव झालेले. पाना लावला की नटाचे कोपरेच झिजत होते. अंधार पडला तसा नाद सोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाइप वरच्या ताणापाशी (पाइप उभा धरणारी दोरी किंवा तार) वाकला आणि पडवीच्या कौलांवर आला. कुणाला लागलं नाही, हे नशीब.

त्यानंतर एकच नियम पाळतो: जे दोन माणसांना अर्ध्या तासात आडवं करता येत नाही, ते किनाऱ्यावर उभं करायचं नाही.

माझी रचना सांगतो. जमिनीत दोन लोखंडी चॅनेल समोरासमोर, काँक्रीटमध्ये, जमिनीवर चार फूट. त्यांच्यामध्ये दोन इंची बी-क्लास जीआय पाइप, वीस फुटी. त्यात दीड इंची पाइप सरकवून एकूण ३० फूट. चॅनेलच्या वरच्या टोकाला आरपार बोल्ट, ती बिजागरी. खाली दुसरा बोल्ट, तो काढला की मास्ट, म्हणजे हा उभा पाइप, झोपतो.

ताण तीन बाजूंना नाही, चार बाजूंना द्या. त्यातले दोन खुंटे बिजागरीच्या बोल्टच्या अगदी रेषेत आणि शक्यतो त्याच उंचीवर हवेत. मग मास्ट उचलताना-निजवताना हे दोन ताण ना सैल पडतात ना जास्त आवळतात, पाइप बाजूला लवंडत नाही. तिसरा ताण माणसाच्या हातात, चौथा उभं झाल्यावर आपोआप बसतो. खुंटे मास्टच्या बुंध्यापासून २० फुटांवर.

ताणाला लोखंडी तार घेऊ नका, दोन पावसाळ्यांत आतून कुजते. नायलॉनही नको, भिजलं की सैल पडतं. काळी पॉलिएस्टर दोरी घ्या. नट-बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे, आणि दर दसऱ्याला सगळे एकदा सोडून, ग्रीस लावून पुन्हा आवळा. ते सुटतात की नाही हे वादळाच्या आदल्या दिवशी कळून उपयोग नाही.

विदर्भातला (नागपूर)

एक सर्वांत महत्त्वाचं राहिलं. महावितरणची लाइन. मास्ट कुठल्याही बाजूला पडला तरी लाइनला शिवणार नाही, एवढ्या लांब बुंधा घ्या. मी उंचीच्या दीडपट धरतो, म्हणजे तुमच्याकडे ४५ फूट. वायरचं टोक सुटून उडालं तरी पोचता कामा नये. यात तडजोड करू नका, पाइप धरलेल्या माणसाला दुसरी संधी मिळत नाही.

तारेची एकूण लांबी मीटरमध्ये: १४३ भागिले मेगाहर्ट्झ. ७.१ ला २०.१४ मीटर, म्हणजे एका बाजूला दहा मीटरच्या आसपास. सुरुवातीला प्रत्येक बाजू १०.३५ मीटर ठेवा. घरगुती वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तार चालते. जास्तीची कापू नका, मागे दुमडून पिळून ठेवा. टोकं हाताला लागणार नाहीत एवढी उंच हवीत, तिथेच व्होल्टेज सर्वांत जास्त असतं.

ओली केबल (रत्नागिरी)

केबलच्या सांध्यावर आधी स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप, ताणून. वरून साधी पीव्हीसी टेप, खालून वर गुंडाळत, म्हणजे कौलांसारखे पदर पडतात. शिवाय घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या.

मी हे केलं नव्हतं. श्रावणात एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं) १.१ दाखवायला लागला, मी खूश. पण कोणी उत्तरच देईना. केबल सोलली तर आतली जाळी काळी पडलेली, बोटाला हिरवी पूड. पाणी प्यायलेली केबलच सगळी शक्ती खात होती, परत येणारं काही उरतच नव्हतं. म्हणून एसडब्ल्यूआर कारण नसताना सुधारला तर आधी केबल तपासा.

वळीव सुरू झाला की केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर टाका, नुसती टेबलावर ठेवू नका. कातळावर अर्थिंगचा रॉड दोन फुटांत अडतो, तिथे तांब्याची पट्टी आडवी पुरून माडाच्या आळ्यापर्यंत न्या, बारमाही ओल मिळते. ती घराच्या अर्थिंगला जोडायला विसरू नका.

परसातला माड (गुहागर)

सगळ्यांचे मनापासून आभार. टॉवर रद्द केला. बुंधा पश्चिमेला विहिरीपाशी घेतला, लाइन तिथून ७० फूट. चुलतभाऊ आणि मी, दोघांनी मास्ट उभा केला. बिजागरीच्या रेषेतले दोन ताण खरोखर जागचे हलले नाहीत.

१०.३५ मीटरवर एसडब्ल्यूआरचा तळ ६.८५ मेगाहर्ट्झला मिळाला. प्रत्येक बाजू तीस सेंटिमीटर दुमडल्यावर ७.०५, अजून पाच दुमडल्यावर ७.०९, एसडब्ल्यूआर १.३. आज सकाळी कोल्हापूर अगदी स्वच्छ.

एक शंका: तारेचं एक टोक माडाला बांधलंय. वाऱ्यात माड झुलतो तेव्हा मास्टचं डोकं ओढलं जातंय. काय करू?

खारा वारा (अलिबाग)

माडाला दोरी बांधू नका, कप्पी बांधा. तारेच्या टोकाची दोरी कप्पीतून खाली आणा आणि तिला पाच लिटरचा कॅन लटकवा, निम्मा वाळूने भरून. माड झुलला की कॅन वर-खाली होईल, तारेचा ताण तेवढाच राहील. कॅनखाली दोन-तीन फूट मोकळे ठेवा, आणि खाली गुरं बांधू नका.