तेलाच्या भडक्याने देश बुडत नाहीत, भाव दाबून ठेवल्याने बुडतात

सरळरेषा

तेल महागलं की देश कोलमडतात आणि सरकारं पडतात, हे आपण गृहीतच धरतो. १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांबद्दल थोडं खोलात वाचल्यावर माझं मत बदललं. धक्का बाहेरून येतो हे खरंच. पण तो किती खोल जाणार, हे सरकार तो लोकांपर्यंत पोचू देतं की मध्येच दाबून ठेवतं यावर ठरतं. दाबणाऱ्यांचं नुकसान जास्त झालं असं माझं ठाम मत आहे. पटत नसेल तर खोडून काढा, धागा त्यासाठीच काढलाय.

पार्श्वभूमी थोडक्यात. ६ ऑक्टोबर १९७३ ला इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर हल्ला केला. १६ तारखेला आखाती देशांनी तेलाचा भाव परस्पर ७० टक्क्यांनी वाढवून पिंपाला ५.११ डॉलर केला. दुसऱ्याच दिवशी अरब देशांनी दरमहा उत्पादन कापायचं ठरवलं, आणि पाठोपाठ अमेरिका व नेदरलँड्सला तेल बंद केलं. जानेवारी १९७४ मध्ये भाव ११.६५ डॉलर होता.

आता गंमत नाही, पण विचार करण्यासारखी गोष्ट बघा. बंदी मुख्यतः दोन देशांवर होती, तरी कंपन्यांनी अरबांचं तेल दुसरीकडे आणि दुसरीकडचं तेल या दोन देशांकडे वळवलं. टंचाई सगळ्यांत वाटली गेली. मग पंपांवरच्या त्या लांबच लांब रांगा अमेरिकेतच इतक्या का लागल्या? कारण अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी ऑगस्ट १९७१ पासून भाव बांधून ठेवले होते, आणि बंदीनंतर कुठे किती पेट्रोल जाणार तेही सरकारच ठरवायला लागलं.

१९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली तेव्हा हाच प्रकार पुन्हा झाला. प्रत्येक भागाचा कोटा आधीच्या खपावरून ठरलेला. पेट्रोल मिळणार नाही या धास्तीने लोक सुट्टीला बाहेर पडेनात, त्यामुळे सहलीच्या ठिकाणी पेट्रोल पडून आणि शहरांतले पंप कोरडे. गाडीच्या नंबराचा शेवटचा आकडा सम की विषम, यावर कुठल्या दिवशी पेट्रोल मिळणार ते ठरायचं. टाकी अर्धी भरलेली असतानाच लोक रांगेत यायचे आणि तासन्‌तास इंजिन चालू ठेवून थोडं थोडं पुढे सरकायचे. जे पेट्रोल वाचवायचं, ते रांगेतच जळत होतं.

याउलट जपान बघा. जवळजवळ सगळं तेल बाहेरून आणणारा देश. १९७४ मध्ये तिथे महागाई २३ टक्क्यांवर गेली, कामगारांना त्या वर्षी सुमारे ३३ टक्के पगारवाढ मिळाली. पुढच्याच वर्षी संघटना १३ टक्क्यांवर राजी झाल्या. महाग तेल कारखान्यांनी पचवलं, यंत्रं बदलली. दुसऱ्या धक्क्यानंतर, १९८० मध्ये, जपानची महागाई ८ टक्क्यांच्या आसपास राहिली. अमेरिकेची १३ च्या वर, ब्रिटनची १८.

लाटेवरची

सरळरेषा, मांडणी आवडली, मत अजिबात पटलं नाही. स्पष्टच सांगते, हा हिशोब ज्यांच्या खिशात पैसे आहेत त्यांचा आहे.

व्हेनेझुएलाच्या राजधानीचं, कराकासचं १९८९ साल आठवा. कार्लोस आन्द्रेस पेरेस हे १९७० च्या दशकात अध्यक्ष असताना व्हेनेझुएलाने तेल उद्योगाचं राष्ट्रीयीकरण केलं होतं, पैशाचा पूर आला होता. तेच गृहस्थ १९८९ च्या फेब्रुवारीत पुन्हा अध्यक्ष झाले. तोवर तेलाचे भाव पडलेले, डोक्यावर कर्ज. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या सल्ल्याने त्यांनी पेट्रोल महाग केलं, म्हणजे तुम्ही म्हणता तेच केलं. २७ फेब्रुवारीला सकाळी ग्वारेनास नावाच्या उपनगरात माणसं कामाला जायला बस थांब्यावर आली, तर तिकीट सरकारने ठरवलेल्या वाढीच्याही वर गेलेलं. विद्यार्थ्यांची सवलत कंडक्टर मानेनात. तिथून पेटलं ते कराकासभर पसरलं. लष्कर रस्त्यावर आलं आणि शेकडो माणसं मारली गेली.

ज्याच्या रोजच्या कमाईचा मोठा तुकडा बसच्या तिकिटात जातो, त्याच्यापर्यंत ‘धक्का पोचू देणं’ म्हणजे काय, हे एकदा त्या थांब्यावर उभं राहून बघायला हवं. त्याच्याकडे यंत्र बदलायचा पर्याय नसतो.

सरळरेषा

लाटेवरची, ग्वारेनासचा दाखला मला अस्वस्थ करतो, टाळणार नाही. पण तो माझ्या बाजूचाच नाही का? वर्षानुवर्षं पेट्रोल जवळजवळ फुकट ठेवलं, लोकांची घरं, नोकऱ्या, शहरं सगळं त्या भावावर बेतलं गेलं आणि मग एका सकाळी ते काढून घेतलं. भाव हळूहळू वर जाऊ दिला असता, तर स्फोट होण्याइतकं साचलंच नसतं. मी भाव खरा ठेवा म्हणतो, गरिबाला वाऱ्यावर सोडा म्हणत नाही. बसला अनुदान द्या, माणसाच्या हातात पैसे द्या.

खतावणी

तुम्ही दोघंही तेलालाच केंद्रस्थानी धरताय. मला वाटतं तिथेच चूक होतेय.

१५ ऑगस्ट १९७१ ला अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. डॉलर घसरत गेला आणि तेल विकलं जायचं डॉलरमध्येच. विकणाऱ्याच्या हातात येणारा पैसा दर महिन्याला हलका होत होता. दुसरीकडे अमेरिकेचं स्वतःचं उत्पादन १९७० मध्ये शिखराला पोचून उतरायला लागलेलं. टेक्सासचं नियामक मंडळ कित्येक दशकं तेलविहिरींच्या उत्पादनावर मर्यादा घालायचं, म्हणजे अडचणीच्या वेळी उघडायला एक नळ राखीव असायचा. १९७२ पर्यंत तो नळ पूर्ण उघडला गेला होता. युद्ध झालं नसतं तरी भाव वाढायचाच होता, फक्त इतका एकदम नाही.

आता महागाईचं. पश्चिम जर्मनीलाही तेल बाहेरूनच येत होतं. १९७४ मध्ये तिथली महागाई ७ टक्क्यांच्या आसपास आणि १९७५ मध्ये ब्रिटनची २४. तेलाचा भाव दोघांना एकच. फरक मध्यवर्ती बँकेचा. जर्मन बँकेने पैसा आवळून धरला. अर्थतज्ज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९८३ मध्ये दाखवलं की दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आलेल्या जवळजवळ प्रत्येक मंदीच्या आधी तेलाचा भाव चढला होता. पुढे १९९७ मध्ये बर्नांके, गर्टलर आणि वॉटसन या अर्थतज्ज्ञांनी विचारलं की मंदी तेलाने आणली की तेल चढल्यावर बँकेने वाढवलेल्या व्याजाने? त्यांचं उत्तर होतं, बराचसा वाटा व्याजाचा. सरळरेषा, जपानचा तुमचा दाखलाही त्यातलाच. जपानच्या मध्यवर्ती बँकेने डिसेंबर १९७३ मध्ये आपला व्याजदर ९ टक्क्यांवर नेला होता, ते तुम्ही सोडून दिलंत.

उत्तरवारा

खतावणी यांच्या आकड्यांशी सहमत, निष्कर्षाशी नाही. बँक महागाई आवळू शकते, पण पवनचक्की उभारू शकत नाही.

१९७३ मध्ये डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा आयात तेलावर होती. तिथे रविवारी गाड्या बंद, खोल्यांतली उष्णता कमी. नेदरलँड्सनेही ४ नोव्हेंबरपासून रविवारी गाड्या बंद केल्या होत्या. एरवी जिथे माणूस पाय ठेवू शकत नाही अशा महामार्गांवर लोक सायकली घेऊन, रोलर स्केट घालून, घोड्यावर बसून फिरले. पण रविवार संपला की हे चित्र पुसलं जातं. डेन्मार्कने पुढे जे केलं ते टिकलं. वीजकेंद्रातली वाया जाणारी उष्णता नळांनी घराघरांत नेली, वाऱ्यावरच्या विजेला हात दिला. आणि १९८६ मध्ये तेल कोसळलं तेव्हा तिथल्या सरकारने कर वाढवले, म्हणजे लोकांना तेल पुन्हा स्वस्त वाटू नये. संकटात भाव न दाबणं सोपं असेल, पण संकट सरल्यावर भाव वर धरून ठेवायला जी छाती लागते ती फार थोड्यांकडे होती. फ्रान्सने मार्च १९७४ मध्ये अणुऊर्जेचा मोठा कार्यक्रम हाती घेतला, तोही याच जातीचा निर्णय.

ब्राझीलने १९७५ मध्ये उसाच्या अल्कोहोलवर गाड्या चालवायचं ठरवलं, दहा वर्षांत बहुतेक नव्या गाड्या अल्कोहोलच्या. मग तेल स्वस्त झालं, साखरेला भाव आला, १९८९ च्या सुमारास पंपांवर अल्कोहोलच मिळेना आणि गिऱ्हाइकांचा विश्वास उडाला. योजना वाईट नव्हती, पण तेल स्वस्त झाल्यावर तिला सांभाळायची तयारी नव्हती.

ओंजळ

कर्जाचा विषय कुणीच नीट घेतला नाही, आणि माझ्या मते खरा घाव तिथे बसला.

तेल विकून आलेले डॉलर आखाती देशांनी लंडन आणि न्यूयॉर्कच्या बँकांत ठेवले. बँकांनी ते लॅटिन अमेरिकेला आणि इतर विकसनशील देशांना बदलत्या व्याजदराने दिले. ब्राझीलला जवळजवळ ८० टक्के तेल आयात करावं लागायचं. त्याने भाव झाकायला नव्हे, तर गाडा चालू ठेवायला कर्ज काढलं. मग ऑगस्ट १९७९ मध्ये पॉल व्होल्कर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेवर आले आणि महागाई मोडायला व्याज २० टक्क्यांच्या घरात गेलं. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने कर्ज फेडता येत नाही म्हणून हात वर केले. लक्षात घ्या, मेक्सिको तेल विकणारा देश होता! पुढची काही वर्षं लॅटिन अमेरिकेची नुसती हप्ते फेडण्यात गेली. खतावणी, तुमचा तो व्याजदर इथे दुसऱ्या देशांतल्या माणसांच्या ताटातून वसूल झाला.

१९९० मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर भारताचंही तेच. तेलाचं बिल फुगलं, आखातात काम करणाऱ्यांचे पैसे येणं अडलं, कर्ज आधीचंच होतं. जुलै १९९१ मध्ये ४७ टन सोनं गहाण टाकायची वेळ आली. पंपावरचा भाव वेळेत वाढवला असता तर तूट थोडी आटली असती, मान्य. सोनं वाचलं असतं का? मला नाही वाटत.

सरळरेषा

ओंजळ, तुमच्या प्रतिसादाने मला माझी मांडणी बदलावी लागतेय. मी देशाच्या आतला भाव बघत होतो, देशाबाहेरचं देणं नाही. ज्याच्याकडे डॉलर कमवायची सोय आहे त्याच्यासाठी माझं म्हणणं खरं. ज्याच्याकडे ती नाही, तो भाव खरा ठेवूनही बुडू शकतो.

पण मुद्दा पूर्ण सोडणार नाही. श्रीलंकेत २०२२ मध्ये काय झालं? आधी करकपात करून तिजोरी रिकामी केली, डॉलरच्या तुलनेत रुपयाचा दर धरून ठेवला, इंधनाचे भाव उशिरापर्यंत खाली ठेवले. एप्रिलमध्ये परदेशी कर्ज फेडणं थांबवलं. जुलैमध्ये अध्यक्ष गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले. लपवाछपवी थोडी आधी थांबली असती तर पडणं इतकं जोरात झालं नसतं.

लाटेवरची

श्रीलंकेतल्या रांगा मी बातम्यांत रोज बघत होते. माणसं रिक्षात झोपून दोन-दोन दिवस काढत होती, काही जण तिथेच दगावले. शेवटी मोबाइलवर क्यूआर कोड दाखवून आठवड्याचा कोटा मिळायला लागला तेव्हा रांगा आटल्या. सरळरेषा, नीट बघा, रांगा कोट्याने आटल्या. तोवर भाव कितीतरी वाढला होता, तरी रांगा होत्याच, कारण जहाजाचे पैसे चुकवायला डॉलर नव्हते. अमेरिकेत १९७९ मध्ये कोट्याने रांगा लावल्या, तिथे कोट्याने मोडल्या.

रिक्षावाल्याला त्या कोट्यात आठवड्याला मिळायचं ते पेट्रोल त्याच्या दोन दिवसांच्या धंद्यालाही पुरायचं नाही, हेही खरं. पण निदान ते मिळणार हे त्याला ठाऊक होतं, आणि उरलेले दिवस त्याला रांगेत घालवावे लागत नव्हते.