प्रतिसाद: शिवी म्हणजे गुन्हा नव्हे

‘गडकरी रंगायतनसारख्या नाट्यगृहात लोक सहकुटुंब येतात, म्हणून स्टँडअप कॉमेडीत मंचावर शिवी आली की गुन्हाच’ हे मत पटलं नाही. २०१४ च्या अवीक सरकार निकालात सर्वोच्च न्यायालयाने अश्लीलता ठरवण्याची जुनी हिकलिन कसोटी सोडली, जिच्यात सुटा भागही पुरायचा. आता सुटा भाग उचलायचा नाही, संदर्भासह आणि आजच्या समाजाच्या नजरेने पाहायचं. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलच्या, भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ लाही जाणूनबुजून, दुष्ट हेतू लागतो.

खरं घसरतं ते कॉमेडियन पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांशी गप्पा मारताना. तिथे आधी लिहिलेली संहिता नसते, मग समोरच्याची जात, जाडी, रंग हाताशी येतो. तिकीट काढलं म्हणजे त्याने थट्टेला होकार दिला असं होत नाही! आणि वयाची सूचना बुकिंगच्या वेळीच दिसायला हवी. नाट्यगृहाच्या दारात लावली तर मुलांना घेऊन आलेल्यांनी परत जायचं का?