तिशीतले दाढीवाले बाप्ये आणि फुकटची फेलोशिप

गोदाकाठचा:
परवा इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं की विद्यापीठाच्या वसतिगृहांत पीएचडी करणारे, तिशी ओलांडलेले दाढीवाले बाप्ये करदात्यांच्या पैशावर लोळत पडलेत, तीन वर्षांचं काम सात वर्षं पुरवून खातात, आणि शेवटी जो प्रबंध निघतो तो कपाटातल्या झुरळांशिवाय कोणी वाचत नाही. खाली अंगठ्यांचा पाऊस. मी तिशीतला आहे, दाढी आहे, वसतिगृहात राहतो. तेव्हा उत्तर देणं आलं.

सात वर्षांचा हिशेब ऐका. पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, पास झालो, आठ महिन्यांनी मुलाखत झाली. मग गाईड शोधणं. सहायक प्राध्यापकाला चार, सहयोगीला सहा, प्राध्यापकाला आठ, यापेक्षा जास्त विद्यार्थी घेता येत नाहीत. विभागातल्या निम्म्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, म्हणजे जे मोजके आहेत त्यांच्याकडे हाउसफुल. ज्यांच्याकडे एक जागा निघाली त्यांचा विषय ग्रामीण कथा. माझा विषय निजामकाळातली मराठी नियतकालिकं. सर म्हणाले, "जरा वळवून घ्या." किती वळवू? त्यात सहा महिने. मग आरआरसी, म्हणजे विषय मंजूर करणारी समिती. एका बैठकीला कोरम नाही, दुसरीच्या तोंडावर आचारसंहिता. तिसऱ्या बैठकीतून शीर्षक परत आलं, कारण 'एक अभ्यास'च्या जागी 'एक चिकित्सक अभ्यास' हवं होतं. 'चिकित्सक' या एका शब्दाला माझे पाच महिने लागले. एवढं होईस्तोवर प्रबंधाचं एक पान लिहिलेलं नव्हतं आणि गावाकडे लोक विचारत होते, "अजून झालं नाही का रे?"

लिहायला लागली साडेतीन वर्षं, त्यातली बरीचशी हैदराबाद-नांदेडच्या खेपांत. 'निजाम विजय'चे अंक एका ठिकाणी नीट मिळत नाहीत. आणि प्रबंध जमा करून आज चौदा महिने झालेत. दोन बहिःस्थ परीक्षक. एकाचा अहवाल आला. दुसऱ्यांची बदली झालेली, प्रत जुन्या पत्त्यावर जाऊन पडली. हे मला कुठल्या पत्राने कळलं नाही, शिपाईमामांना चहा पाजल्यावर कळलं.

आणि फेलोशिप. जेआरएफ ही सरकारी फेलोशिप जास्तीत जास्त पाच वर्षं. २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, पुढे ४२,०००. सात वर्षं कोणी देत नाही. माझ्या मजल्यावर बावीस जण आहेत, जेआरएफ चौघांना. बाकीचे घरच्या सोयाबीनवर शिकतात.

सिडकोकर:
ती पोस्ट माझीच. सद्गृहस्थ म्हटल्याबद्दल आभार.
माझा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर आहे. वाळूजला अठरा हजारांवर लागला, रात्रपाळी करतो, सकाळी घरी येतो तेव्हा डोळे लाल असतात. तुम्ही ३७,००० हा आकडा किती सहज लिहिलात! तेवढा पगार त्याला अजून दिसलेला नाही. आणि तुम्ही निजामाच्या काळचे पेपर वाचता. वाचा, माझी ना नाही. पण त्याचे पैसे माझ्या खिशातून का?
आरआरसी, कोरम वगैरे ऐकून वाईट वाटलं. कंपनीत कोरम भरला नाही म्हणून कोणी पाच महिने पगार देत नाही.

रानजाई:
काका, पैसे "देतात" हा शब्द जरा जपून वापरा. दर महिन्याला हजेरी पोर्टलवर चढवायची, विभागाने ती मंजूर करायची, आणि मधला कारकून रजेवर गेला की तो महिना लटकला. माझे अकरा महिने लटकले होते. मग एके दिवशी सगळे एकदम आले. तोवर वहिनीकडून घेतलेले सव्वा लाख डोक्यावर होते आणि भाऊ जेवताना माझ्याकडे बघत नव्हता.

मी वनस्पतिशास्त्रातली. माझी वनस्पती सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलते. ज्या वर्षी बाळंत झाले त्या वर्षीचा पावसाळा गेला, म्हणजे डेटाचं ते अख्खं वर्षच गेलं. नियमात बाईला २४० दिवसांची रजा आहे आणि मुदतीतही दोन वर्षं वाढवून मिळतात. कागदावर. अर्ज घेऊन गेले तर म्हणाले, "आता कसलं संशोधन, आता घर बघा." रजा मिळाली, पण त्यानंतर प्रत्येक सहामाही अहवालाच्या वेळी समितीतले एकजण पहिला प्रश्न बाळाबद्दल विचारायचे आणि दुसरा विचारायचेच नाहीत.

सिडकोकर:
ताई, तुमच्याबद्दल नव्हतं ते.

रानजाई:
मग कोणाबद्दल होतं? दाढी नाही म्हणून सुटले का मी?

तासिकावाला:
तुम्ही लोक अजून आत आहात म्हणून भांडताय. बाहेर या. प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा नेट आणि सेट, शिवाय पीएचडी, तिन्ही आहे माझ्याकडे. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. मे महिन्यात तास नाहीत, पैसे नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत तास नाहीत, पैसे नाहीत. जुलैचं मानधन डिसेंबरात. विद्यार्थी 'सर' म्हणतात आणि किराणावाला 'मागचं बाकी आहे' म्हणतो.
२०१८ च्या नियमांत विद्यापीठ अनुदान आयोगाने सांगितलं, विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायचं तर जुलै २०२१ पासून पीएचडी लागेल. आम्ही धावलो. मग मुदत जुलै २०२३ पर्यंत ढकलली. ती संपता संपता म्हणाले, नेट-सेट पुरे, पीएचडी ऐच्छिक. माझं तारुण्य ऐच्छिक होतं म्हणायचं. आणि संस्थेत मुलाखतीला गेलं की प्रश्न एकच. विषयाचा नसतो तो, आकड्याचा असतो.

गोदाकाठचा:
तासिकावाले सर, मान्य सगळं. पण धागा प्रबंधाला वेळ का लागतो याचा आहे.

तासिकावाला:
हो, हो. 'आमचा प्रश्न नंतर' हे ऐकायची सवय आहे.

ओहायोकर:
इथे अमेरिकेतही फार वेगळं नाही. मी इकडच्या एका सरकारी विद्यापीठात आहे, पन्नास हजारांवर विद्यार्थी. आठवड्याला वीस तास टीएचं, म्हणजे शिकवण्यात मदतीचं, काम, आणि विद्यार्थ्यांच्या एफ-वन व्हिसावर सत्र चालू असताना त्यापेक्षा जास्त करता येत नाही. निम्मा पैसा घरभाड्यात जातो. पण इथे लोक संघटना करतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दहाही आवारांत मिळून ४८,००० संशोधक-शिक्षक संपावर गेले होते, सहा आठवडे. करार झाला, पगार वाढले. तुम्ही असं काही का करत नाही?

रानजाई:
करतात की. सारथी, बार्टी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपची पोरं किती वेळा उपोषणाला बसली, वाचत नाही का तिकडे? डिसेंबर २०२३ मध्ये त्यांची चाळणी परीक्षा घेतली, तर २०१९ च्या सेटचीच प्रश्नपत्रिका हातात पडल्याची बोंब झाली. जानेवारीत परीक्षा परत. त्याच डिसेंबरातल्या विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात 'पीएचडी करून काय दिवे लावणार' हेही ऐकून झालं. तुमच्याकडे पगार म्हणून मागता येतो. आमच्याकडे ते विद्यावेतन, म्हणजे मेहेरबानी.

निवृत्त_मास्तर:
बराच वेळ वाचतो आहे. एकतीस वर्षं शिकवलं, चौदा जणांना पदवी मिळवून दिली. आता गाईडची बाजू कोणी मांडणार की नाही?
गाईडने भाजी आणायला लावली, गाईडने मुलाची फी भरायला लावली, या कथा मीही ऐकल्यात. असे नग आहेत, नाही म्हणत नाही. पण विद्यार्थीही काय गुणाचे असतात ते सांगतो. एका मौखिक परीक्षेला परीक्षक म्हणून गेलो. प्रबंध वाचताना वाटलं, भाषा ओळखीची आहे. ओळखीची असणारच, माझ्याच पुस्तकाची अकरा पानं होती. चुकलेल्या तळटिपेसकट! आणि सोबत जोडलेला वाङ्मयचौर्याचा अहवाल काय म्हणतो? साम्य शून्य टक्के. शून्य! आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंत माफ, पुढे शिक्षा चढत जाते, साठच्या वर नोंदणीच रद्द. इथे माझी अकरा पानं आणि आकडा शून्य. मराठीतलं संशोधन म्हणजे कात्री आणि गोंद झालं आहे.

अक्षरजुळणी:
सर, शून्यच येणार. प्रबंध श्री-लिपीत टाइप केलेला असणार.
मी बावीस वर्षं विद्यापीठाच्या फाटकासमोर हेच काम करतो. त्या जुन्या फॉन्टात कागदावर मराठी दिसतं, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते. सॉफ्टवेअर खिचडी वाचतं, म्हणतं असलं काही मी जगात पाहिलेलं नाही, साम्य शून्य. तुमचं पुस्तकही त्याच फॉन्टात छापलेलं, ते तर नेटवर नाहीच. पकडणार कोण?

इन्स्क्रिप्टी:
आणि या पापाचे धनी तुमच्यासारखे डीटीपीवाले! शोधगंगा या प्रबंधांच्या साइटवर मराठीचे किती प्रबंध चढवलेत, पण आतला एक शब्द शोधून दाखवा. कुठल्याही संगणकाला वाचता येणारं युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकायला पंधरा दिवस लागतात. तुम्ही पानाला पैसे मिळतात म्हणून पोरांना श्री-लिपीत अडकवून ठेवता.

अक्षरजुळणी:
अडकवून ठेवतो? पोरगं येतं प्रबंध जमा करायच्या आठ दिवस आधी, हातात पाचशे हस्तलिखित पानं घेऊन. त्यातली शंभर बसच्या तिकिटामागे लिहिल्यासारखी. त्याला मी इन्स्क्रिप्ट शिकवू? पानाला तीस रुपये घेतो, त्यात दोन वेळा दुरुस्ती फुकट. आणि तुमच्या युनिकोडचं कौतुक मला नका सांगू. मंगल फॉन्टमध्ये 'ल' हिंदीचा, 'श' हिंदीचा, ओळींत बैलगाडी जाईल एवढं अंतर. विभागप्रमुखांनी पान बघितलं की म्हणतात, हे मराठी नाही, बदलून आणा.

इन्स्क्रिप्टी:
मंगल म्हणजे युनिकोड नव्हे हो! फॉन्ट वेगळा, संकेतप्रणाली वेगळी. मराठी वळणाचा 'ल' असलेले युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात. बावीस वर्षं धंदा करता आणि एवढं माहीत नाही?

अक्षरजुळणी:
माहीत आहे. विभागप्रमुखांच्या संगणकात ते नाहीत. फाइल उघडली की चौकोन दिसतात. चौकोनांचा प्रबंध जमा करू?

निवृत्त_मास्तर:
विषय वाङ्मयचौर्याचा होता.

ओहायोकर:
पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड केला की झालं ना?

अक्षरजुळणी:
साहेब, विभागाला वर्डची फाइल लागते. का लागते ते विचारू नका, मीही विचारलेलं नाही.

सिडकोकर:
म्हणजे आमच्या पैशाने जे लिहिलं जातं, ते संगणकालाही वाचता येत नाही. झुरळांचा मुद्दा मी मागे घेतो, झुरळं निदान कागद तरी खातात.

गोदाकाठचा:
सिडकोकर काका, हा टोला बसला, नाकारत नाही. पण मास्तर सर, एक विचारू? मौखिक परीक्षेला तुम्ही गेलात, अकरा पानं ओळखलीत. मग काय केलंत?

निवृत्त_मास्तर:
दुरुस्तीसह पदवी द्यावी असं लिहिलं.

गोदाकाठचा:
का?

निवृत्त_मास्तर:
त्या मुलाच्या आईने डबा आणला होता. पुरणपोळ्या. समितीतले सगळे बसले होते, शाल-श्रीफळ झालं होतं. त्याचं नोकरीचं वय निघून चाललं होतं. तुम्ही असतात तर काय केलं असतं ते मला सांगू नका.

तासिकावाला:
आणि तो आज कुठेतरी पर्मनंट असेल. पैजेवर सांगतो.

रानजाई:
जेवणाचा विषय निघालाच आहे म्हणून. परीक्षकांची गाडी, हॉटेल, जेवण, हे सगळं विद्यार्थ्याने करायचं हे कुठल्या नियमात आहे? माझ्या मैत्रिणीचे चौदा हजार गेले, पनीर वेगळं.

ओहायोकर:
आमच्याकडेही डिफेन्सला, म्हणजे मौखिक परीक्षेला, डोनट न्यावे लागतात.

रानजाई:
डोनट!! घ्या.

सिडकोकर:
बरं, एवढं ऐकल्यावर एक कबूल करतो. पोरं लोळत नाहीत, ताटकळतात. पण ताटकळण्याचेही पैसे मीच भरतो, हे तुम्ही कबूल करा. आणि तो निजामकाळातला अभ्यास झाला की मला पाठवा. आमचे आजोबा पोलीस ॲक्शनच्या आधी परभणीला पोस्टात होते. पेपरची पार्सलं अडवायचे हुकूम येत, असं सांगायचे. खरं-खोटं देव जाणे.

गोदाकाठचा:
काका, ते कुठे लिहून ठेवलंय का त्यांनी? वही, पत्र, काहीही? मी नंबर पाठवतो, प्लीज बघा.
प्रबंध पाठवतो, पण अडचण आहे. श्री-लिपीत आहे. हसू नका. युनिकोडमध्ये करायचा प्रयत्न केला, तर सगळे रफार जागचे हललेत. अर्पणपत्रिकेतच 'आशीवार्द'.

इन्स्क्रिप्टी:
मी म्हणालो नव्हतो?

अक्षरजुळणी:
पाठवा फाइल माझ्याकडे. रूपांतर करताना रफार एक घर सरकतात, तळटिपांचे आकडेही बघावे लागतील. नियतकालिकांचा प्रबंध म्हणजे तळटिपा सहाशेच्या खाली नसणार. पैसे परीक्षकाचा अहवाल आल्यावर द्या.

गोदाकाठचा:
आठशे बारा आहेत. पाठवली. ऋणनिर्देशाचं पान नीट बघा, तिथे 'मार्गदर्शक'चं सगळीकडे 'मागर्दशर्क' झालंय. ते तसंच ठेवावं का, असा विचार चालू आहे.