मदत हवी आहे: ठोकर बसलेल्या बाईक-ट्रेलरचा ॲक्सल सरळ करावा की बदलावा?

बोलेरोमागे लावायचा, एक बाईक मावेल असा दोनचाकी ट्रेलर सेकंडहँड घेतलाय. त्याला मागून डावीकडे ठोकर बसली होती, ते विकणाऱ्याने आधीच सांगितलं होतं. आता डाव्या टायरची आतली कड झिजतेय. हात फिरवला तर करवतीसारखी लागते.

दोन्ही हबचे बेअरिंग बदलून ग्रीस भरलं. टायरची अदलाबदल केली, तरी झीज डावीकडेच. हवा बरोबर आहे, यू-बोल्ट घट्ट, स्प्रिंगच्या पाट्यांचा सेंटर बोल्टही शाबूत. हुकाच्या मध्यापासून दोन्ही हबपर्यंत टेप लावली तर डावीकडे १२ मिमी कमी भरतं. शिवाय ड्रॉबारच्या (पुढच्या ओढायच्या दांड्याच्या) वेल्डिंगजवळ केसाएवढी रेघ दिसते. चीर आहे की नुसता रंग तडकलाय, कळेना.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला फॅब्रिकेटर म्हणतो, गरम करून ठोकून सरळ करू. मला ते पटत नाही, तापवलेलं लोखंड पुन्हा वाकू शकतं. ॲक्सल ४० मिमी चौकोनी भरीव आहे, ट्रेलरला ब्रेक नाहीत. कागदपत्रं माझ्या नावावर आहेत, तो प्रश्न नाही.

तर ॲक्सल थंडच प्रेसवर सरळ केलेला चालेल की नवाच टाकावा? आणि ती रेघ डाय पेनिट्रंटने (चिरेत शिरणारा रंगीत द्रव लावून) तपासून देणारं सोलापुरात कोणी आहे का?