क्रॉसचं ‘शाँझेलिझे’: दगडावरचं की ऑफसेट?

प्रश्न: फ्रेंच चित्रकार आँरी-एदमों क्रॉसचं १८९८चं ठिपक्यांचं ‘शाँझेलिझे’ (पॅरिसमधला रस्ता), म्हणजे झाडांच्या सावलीतल्या बाया-मुलांचं चित्र, विकायला आलंय. मूळ शिळाछाप (दगडावर चित्र काढून त्यावरून घेतलेला छाप, लिथोग्राफ) आहे की नंतरचं ऑफसेट (फोटोवरून यंत्रानं छापलेली प्रत), हे घरी कसं ओळखावं?

उत्तर १: आधी फ्रेममधून काढा, काचेवरून धड काही कळत नाही. दहापट भिंगातून सावलीतला एकच जांभळा ठिपका बघा. ऑफसेटमध्ये तो ठिपकाच निळ्या, गुलाबी, पिवळ्या बारीक टिंबांचा बनलेला असतो, टिंबांची फुलासारखी नक्षी ठरावीक अंतरानं. शिळाछापात तो एका शाईचा डाग, कडा ओबडधोबड. नुसत्या डोळ्यांना दिसणारे ठिपके दोन्हींत असतात, ते चित्रकाराचे. गफलत तिथेच होते.

उत्तर २: प्रत्येक रंगाला वेगळा दगड, म्हणून कडेला एखादा रंग केसभर सरकलेला सापडतो. त्याला दोष समजू नका. पण हातानं केलेली नवी नक्कलही भिंगात पास होईल. हे चित्र बर्लिनच्या ‘पान’ मासिकासाठी छापलेलं. म्हणून कागद आणि माप संग्रहालयातल्या मूळ प्रतीच्या नोंदीशी मिलिमीटरपर्यंत ताडा.

उत्तर ३: घेतलंत तर फ्रेममधला जुना पुठ्ठा फेका. त्यातल्या आम्लानं कडेला तपकिरी पट्टा पडतो. सेलोटेप अजिबात नको. चित्र नव्या पुठ्ठ्याला टांगायला वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या (छोट्या पट्ट्या), गव्हाच्या खळीनं. काच आणि कागदात ४ मिमी अंतर ठेवा, नाहीतर दमट हवेत शाई काचेला चिकटते. उजेड ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आत.